वायूचं गणित सोडवण्याआधी शून्य शोधा

अकरावीच्या पोरांना वायूचे नियम शिकवायला घेतले की पहिल्या दिवशी मी एकच गणित घालतो. मे महिन्यात भल्या पहाटे लातूरहून बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला गाडी निघाली. निघताना टायरमधली हवा २७ अंशांवर, गेजवर दाब ३२ पीएसआय. दुपारपर्यंत रस्ता तापला आणि टायरमधली हवा ६७ अंशांवर गेली. टायरचं आकारमान बदललं नाही असं धरायचं. आता गेज किती दाखवेल?

वर्गातून तीन उत्तरं येतात. कुणी ७९ म्हणतं, बरेच जण ३६ म्हणतात, एखाददुसरा ३८ म्हणतो. गंमत बघा, सूत्र तिघांनीही एकच वापरलेलं असतं आणि बरोबर वापरलेलं असतं: आकारमान कायम असेल तर दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो. तरी उत्तरं तीन, कारण तिघांनी मोजायला वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरुवात केली. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावीत इंग्रजी पुस्तकाला भिडलेल्या लेकरांना वाटतं की आपलं इंग्रजी कच्चं म्हणून गणित चुकलं. माझ्या अनुभवात तसं क्वचित असतं. चूक होते ती शून्य कुठे धरलं यात. म्हणून हा लेख सूत्रांपासून नाही, सिरिंजपासून सुरू करतो. ज्याला शक्य आहे त्याने वाचता वाचता करून बघावं.

सिरिंज आणि तूरडाळ

औषधाच्या दुकानातून २० मिलीची नवी प्लास्टिकची सिरिंज आणा, सुई नको. स्वयंपाकघरातून तूरडाळीच्या एकेक किलोच्या तीन पुड्या घ्या. लातुरात डाळीला तोटा नाही, नसेल तर साखर चालेल.

आधी सिरिंजच्या आतल्या भोकाचं क्षेत्रफळ काढायचं. व्यास मोजत बसू नका, त्यात हमखास चूक होते. शून्याच्या खुणेपासून २० च्या खुणेपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. समजा ६.५ सेंटिमीटर भरलं. मग क्षेत्रफळ २० भागिले ६.५, म्हणजे ३.०८ चौरस सेंटिमीटर. तुमच्या सिरिंजचा आकडा वेगळा असेल, तोच वापरा.

आता दट्ट्या २० वर आणा आणि तोंड एम-सीलने पक्कं बंद करा, पूर्ण वाळू द्या. लाकडाच्या ठोकळ्याला भोक पाडून सिरिंज त्यात उभी बसवा. दट्ट्याच्या डोक्यावर हलका सपाट डबा ठेवा आणि त्यात एकेक पुडी चढवत जा. दट्ट्याचं रबर घासतं, त्यामुळे तो जरा अलीकडेच अडकतो. म्हणून प्रत्येक वेळी तो थोडा खाली दाबून सोडा आणि आकडा लिहा, मग थोडा वर ओढून सोडा आणि आकडा लिहा. दोन्हींची सरासरी घ्यायची. एवढं एक पथ्य पाळलं तरी प्रयोग सुधारतो.

एक किलोचं वजन ९.८ न्यूटन. ते ३.०८ चौरस सेंटिमीटरवर पडलं की दाब होतो सुमारे ३१.८ किलोपास्कल. दोन किलोंना ६३.६, तीन किलोंना ९५.४. आकारमान साधारण असं उतरत जायला हवं: २०, मग १५ च्या जवळ, मग १२, मग १०.

आता बॉईलचा नियम लावून बघा. दाब गुणिले आकारमान कायम यायला हवं. ३१.८ गुणिले १५ म्हणजे ४७७. ६३.६ गुणिले १२ म्हणजे ७६३. ९५.४ गुणिले १० म्हणजे ९५४. कायम कुठलं, दुप्पट झालं! आणि पुडी नव्हती तेव्हा दाब शून्य, मग गुणाकारही शून्य. इथे पोरं म्हणतात, सर, प्रयोग फसला.

फसलेला नाही. पुडी ठेवण्याआधीही दट्ट्यावर काहीतरी होतंच, डोक्यावरची सगळी हवा. समुद्रकाठी ती १०१.३ किलोपास्कलने दाबते. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे तो दाब ९४ किलोपास्कलच्या घरात भरतो. प्रत्येक आकड्यात ९४ मिळवा आणि परत गुणा. ९४ गुणिले २० म्हणजे १८८०. १२५.८ गुणिले १५ म्हणजे १८८७. १५७.६ गुणिले १२ म्हणजे १८९१. १८९.४ गुणिले १० म्हणजे १८९४. आता आकडे एका ओळीत बसले.

रॉबर्ट बॉईलने १६६२ साली हा नियम मांडला तेव्हा नेमकं हेच केलं होतं. एका बाजूने बंद असलेल्या वाकड्या काचेच्या नळीत तो पारा ओतत गेला. अडकलेली हवा निम्मी झाली तेव्हा पाऱ्याची जादा उंची २९ इंचांच्या थोडी वर होती, म्हणजे वातावरणाच्या दाबाएवढीच. त्याने आपल्या तक्त्यात प्रत्येक उंचीत वातावरणाचे २९ इंच मिळवले आणि मगच हिशोब जुळला. पुस्तकात या नियमाचं सूत्र येतं, पण ही बेरीज येत नाही. मला विचाराल तर नियमाचा जीव त्या बेरजेत आहे.

टायरचा गेज, सिलिंडरचा गेज, पंपाचा गेज ही सगळी यंत्रं बाहेरच्या हवेपेक्षा जास्त किती तेवढंच दाखवतात. पूर्ण सपाट टायरवर गेज शून्य दाखवतो, पण त्यात हवा असतेच, बाहेरच्या दाबाइतकी. सूत्रात घालताना वातावरणाचा दाब मिळवायचा आणि उत्तर गेजच्या भाषेत हवं असेल तर शेवटी वजा करायचा.

तापमानाचं शून्य

बर्फाच्या तापमानाला, म्हणजे शून्य अंश सेल्सिअसला, बरोबर २७३ मिली हवा घेतली आणि दाब बदलू दिला नाही, तर प्रत्येक अंशाला ती एक मिलीने वाढते. १ अंशाला २७४, १० अंशांना २८३, ४० अंशांना ३१३. थंड करत गेलात तर तशीच एकेक मिली घटते. ही उतरंड कागदावर खाली ओढत नेली तर उणे २७३ अंशांना आकारमान शून्यावर टेकतं. खरा वायू तिथे पोहोचण्याच्या खूप आधी द्रव होतो, पण रेघ तिकडेच रोख धरून असते. केल्विनची मोजपट्टी तिथून सुरू होते. नेमका आकडा २७३.१५, आपल्या गणितांना २७३ पुरतो.

म्हणून २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं की तापमान ‘दुप्पट’ होत नाही. ते २९३ वरून ३१३ होतं, म्हणजे जेमतेम सात टक्के वाढ. मे महिन्यात परभणीचा पारा ४४ वर जातो आणि डिसेंबरात तो १० च्या बराच खाली येतो. आपल्या कातडीला हे दोन वेगळे मुलुख वाटतात, वायूच्या हिशोबात फरक बारा-तेरा टक्क्यांचा.

हा नियम चार्ल्सच्या नावाने ओळखला जातो. जाक चार्ल्स हा पॅरिसचा. १ डिसेंबर १७८३ रोजी तो स्वतः हायड्रोजनच्या फुग्यात बसून उडाला होता. तापमानावरचं काम त्याने १७८७ च्या सुमारास केलं, पण छापलं नाही. १८०२ साली गे-ल्युसॅकने स्वतःचे प्रयोग छापले आणि श्रेय चार्ल्सला दिलं. केल्विनची मोजपट्टी १८४८ ची.

घरी पडताळायचं असेल तर साडेसातशे मिलीची काचेची बाटली आतून खडखडीत कोरडी करा. ७० अंशांच्या गरम पाण्यात ती उघड्या तोंडाने दहा मिनिटं गळ्यापर्यंत बुडवून ठेवा, आत पाणी जाऊ देऊ नका. बंद बाटली कधीच तापवायची नाही, फुटेल. मग रबरी बूच लावून बाहेर काढा, २५ अंशांच्या पाण्याच्या बादलीत उलटी धरा आणि पाण्याखालीच बूच काढा. पाणी आत चढेल. बाटलीतली आणि बाहेरची पातळी एकसारखी होईपर्यंत बाटली वरखाली करा, नाहीतर आतला दाब बाहेरच्याएवढा राहत नाही. त्याच पातळीवर परत बूच लावून आत आलेलं पाणी मोजा.

हिशोब म्हणतो की ७५० गुणिले २९८ भागिले ३४३, म्हणजे हवा ६५२ मिली उरेल आणि पाणी ९८ मिली चढेल. प्रत्यक्षात एवढं चढत नाही. बाटली गार होईपर्यंत थांबलात तर ते ७५ मिलीच्या आसपास अडकतं. याचं कारण हाताने प्रयोग करणाऱ्यालाच दिसतं: आत आता नुसती हवा नाही, पाण्याची वाफही आहे. २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ३.२ किलोपास्कल असतो. बाहेरच्या ९४ ला तोंड द्यायला हवेच्या वाट्याला ९०.८ च येतात, त्यामुळे ती थोडी जास्त पसरते. ६५२ ला ९४ भागिले ९०.८ ने गुणा, ६७५ येतात आणि चढलेलं पाणी ७५ ठरतं. प्रत्येक वायू आपापला दाब देतो आणि एकूण दाब त्यांची बेरीज असते, हा डाल्टनचा नियम. पाण्यावर वायू गोळा केला की वाफेचा वाटा आधी वजा करायचा.

आता टायर

कागदावर काही लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा. पहिला, वायू कोंडलेला आहे का, की आतबाहेर जाऊ शकतो? दुसरा, भांडं कसलं आहे? भिंती कडक असतील तर आकारमान कायम. दट्ट्या मोकळा असेल किंवा भांडं सैल असेल तर दाब कायम. दोन्ही बदलत असतील तर दाब गुणिले आकारमान भागिले तापमान ही रास सुरुवातीला आणि शेवटी सारखी ठेवायची. कुठला नियम कुणाच्या नावाचा हे आठवण्यापेक्षा भांड्याकडे बघणं जास्त उपयोगी आहे. त्यानंतर उत्तर वाढेल की घटेल आणि साधारण किती, हे आकडा न लावता आधी लिहून ठेवा.

टायर बंद आहे, आकारमान कायम धरलंय. तापमान ३०० केल्विनवरून ३४० केल्विनवर गेलं, म्हणजे दाब तेरा टक्क्यांनी वाढणार. ७९ हे उत्तर इथेच बाद होतं. ९४ किलोपास्कल म्हणजे १३.६ पीएसआय. ३२ मध्ये मिळवले, ४५.६. त्याला ३४० भागिले ३०० ने गुणलं, ५१.७. त्यातून १३.६ वजा, ३८.१. ज्याने सेल्सिअस वापरलं त्याचे ७९ झाले, ज्याने केल्विन घेतलं पण वातावरण विसरला त्याचे ३६.

हे कळल्यावर पंक्चरच्या दुकानात ऐकलेल्या एका वाक्याचा अर्थ मला नीट लागला. भर उन्हात गाडी थांबवून मी हवा कमी करायला सांगितली, तर दुकानातले मामा म्हणाले, “सर, गरम टायरची हवा काढू नये. सकाळच्या पारी गार टायरला बघा.” त्यांचं म्हणणं आकड्यात मांडू. ६७ अंशांवर ३८ दिसले म्हणून हवा सोडून ३२ केले, तर दुसऱ्या दिवशी पहाटे गार टायरमध्ये ४५.६ गुणिले ३०० भागिले ३४० वजा १३.६, म्हणजे २६.६ उरतात. पाचाहून जास्त पीएसआयची तूट. गाडीवर लिहिलेला दाब गार टायरसाठीच असतो.

तरंगत्या टाकीच्या गोबरगॅसमध्ये उलटं असतं. टाकी गॅसवर तरंगते, तिचं वजन तेच, म्हणून दाब कायम आणि आकारमान हलतं. जानेवारीत पहाटे १८ अंशांना २ घनमीटर गॅस असेल आणि दुपारी तो ३८ अंशांवर गेला, तर २ गुणिले ३११ भागिले २९१, म्हणजे २.१४ घनमीटर. टाकी वर आली म्हणून शेण जास्त कुजलं असं नाही, आणि चूलही जास्त वेळ जळणार नाही, कारण रेणू तेवढेच आहेत. रोजचं उत्पादन बघायचं तर टाकीची उंची रोज एकाच वेळी मोजा.

किती रेणू आहेत, तेही मोजायचं तेव्हा

पीव्ही बरोबर एनआरटी (दाब गुणिले आकारमान बरोबर मोल गुणिले आर गुणिले तापमान, यातला आर हा ठरलेला स्थिरांक) हे सूत्र आतापर्यंतचं सगळं पोटात घेतं आणि त्यात वायूचं प्रमाण, म्हणजे मोल, जोडतं. समान दाबाला आणि समान तापमानाला समान आकारमानात रेणूही समान, हे ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये सुचवलं होतं. आरच्या किमतींची लांब यादी पाठ करू नका. दाब किलोपास्कलमध्ये, आकारमान लिटरमध्ये, तापमान केल्विनमध्ये ठेवा आणि आर ८.३१४ घ्या. बस.

एक मोल वायू २२.४ लिटर, हे प्रत्येकाला पाठ असतं. पण ते शून्य अंशांना आणि एक ॲटमॉस्फिअरला. दाब एक बार, म्हणजे १०० किलोपास्कल, घेतला तर २२.७. लातूरच्या प्रयोगशाळेत ३० अंशांना आणि ९४ किलोपास्कलला तो ८.३१४ गुणिले ३०३ भागिले ९४, म्हणजे २६.८ लिटर भरतो.

याचा त्रास प्रात्यक्षिकाच्या वहीत होतो. ०.१२ ग्रॅम मॅग्नेशिअम आम्लात टाकून पाण्यावर हायड्रोजन गोळा केला. मॅग्नेशिअम ०.००४९४ मोल, तेवढाच हायड्रोजन. २२.४ ने गुणणाऱ्याला १११ मिली अपेक्षित असतात आणि नळीत दिसतात १३९ च्या जवळपास. पोरगं घाबरतं, खाडाखोड करतं आणि १११ लिहून मोकळं होतं. खरं तर त्याचं वाचन बरोबर होतं. ३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ४.२ किलोपास्कल, तो ९४ मधून वजा केला की उरतात ८९.८. ०.००४९४ गुणिले ८.३१४ गुणिले ३०३ भागिले ८९.८, म्हणजे ०.१३९ लिटर. मुलांनो, नळीत जे दिसलं तेच लिहा आणि खोलीचं तापमान व दाब शेजारी नोंदवा. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की जुळवलेल्या आकड्याला पूर्ण गुण देऊ नका.

ऑक्सिजनचा जम्बो सिलिंडर कोविडच्या काळात घराघरात माहीत झाला. त्याची आतली जागा ४६.७ लिटर आणि पूर्ण भरल्यावर दाब १५० बार. ४६.७ गुणिले १५०, सुमारे ७००० लिटर ऑक्सिजन बाहेर मिळतो. मिनिटाला ५ लिटर लागत असतील तर १४०० मिनिटं, म्हणजे २३ तास २० मिनिटं. काटा ६० वर आला असेल तर ४६.७ गुणिले ६०, म्हणजे २८०० लिटर, सव्वानऊ तासांच्या आसपास. रुग्णासाठी हिशोब करताना यातला काही भाग राखीव धरा आणि सिलिंडर लवकर बदला.

इथे वातावरणाचा एक बार मिळवला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. १५० पुढे १ नगण्य आहे, शिवाय आतबाहेर दाब सारखा झाला की शेवटचा तो एक बार सिलिंडरमध्येच राहतो. टायरमध्ये मात्र तोच एक बार एकूण दाबाचा जवळपास तिसरा हिस्सा होता.

जिथे हे सूत्र लावायचं नाही

प्रेशर कुकर हे गे-ल्युसॅकच्या नियमाचं, म्हणजे आकारमान कायम असताना दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो याचं, उदाहरण म्हणून सर्रास दिलं जातं. ते चूक आहे. कुकरात नुसती हवा असती तर ३० वरून १२० अंशांवर जाताना दाब ९४ चा १२२ झाला असता, एवढ्याने शिट्टीचं वजन उचललं जात नाही. १२० अंशांना पाण्याचा बाष्पदाब २०० किलोपास्कलच्या जवळ असतो, तो शिट्टी उचलतो. आत पाणी आहे तोवर वाफेचे नवे रेणू येतच राहतात. ‘वायू कोंडलेला आहे का’ या पहिल्या प्रश्नालाच कुकर नापास होतो.

स्वयंपाकाच्या गॅसचंही तेच. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये द्रव असतो. चमचाभर द्रव शिल्लक असला तरी दाब तापमान ठरवील तेवढाच, म्हणून काटा बसवून किती गॅस उरला ते कळत नाही. वजन करा आणि सिलिंडरवर लिहिलेलं रिकाम्या टाकीचं वजन वजा करा.

फार दाबलेल्या वायूतही सूत्र थोडं ढळतं. आपण धरलेलं असतं की रेणूंना स्वतःची जागाच लागत नाही आणि ते एकमेकांना ओढत नाहीत. म्हणजे आकारमानाचंही शून्य आपण चुकीच्या ठिकाणी धरतो. १८७३ साली व्हॅन डर वाल्सने आकारमानातून रेणूंची जागा वजा केली आणि दाबात त्यांच्या ओढीची भर घातली. त्याला १९१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १५० बारच्या ऑक्सिजनमध्ये ही ओढ वरचढ ठरते, त्यामुळे सिलिंडरमध्ये आपल्या हिशोबापेक्षा थोडा जास्तच वायू बसतो.

कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक मात्र आपल्या भागात वेगळंच वागतं. या वायूचं क्रांतिक तापमान सुमारे ३१ अंश आहे. त्याच्या वर कितीही दाबलं तरी तो द्रव होत नाही. थंडीत शाळेच्या व्हरांड्यातल्या त्या लाल नळकांड्यात द्रव आणि त्यावर वायू असतो, तर मे महिन्यातल्या दुपारी आत द्रवाची पातळी अशी काही उरतच नाही आणि दाब झपाट्याने वाढतो. म्हणून ते सावलीत ठेवा. आत किती कार्बन डायऑक्साइड आहे हे बघायला त्यालाही तराजूवरच ठेवावं लागतं.